चार नंबरच्या मशीनचा अलार्म

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना हसणारी बाई आहे. डायलिसिस नर्स म्हणून सोळा वर्षं झाली. कुणी 'वॉर्डात कोणीतरी फिरतं' म्हटलं की मी आधी खिडकीची कडी तपासते... पण हे माझ्याच बाबतीत घडलंय.

जिल्ह्यातल्या डायलिसिस नर्सेसच्या संघटनेची मी अध्यक्ष. गेल्या वर्षी ओरोसला आमची सभा होती. मागणी एकच – एका नर्सकडे तीनपेक्षा जास्त पेशंट नकोत. आणि त्याच दिवशी तिथून तीसेक किलोमीटरवरच्या मालवणच्या आमच्या युनिटमध्ये मी ज्युनिअर सिस्टर लोविनाला चार पेशंटांवर एकटीला ठेवून आले होते! दुसरी सिस्टर रजेवर, सभा टाळता येईना. मनाला ते टोचत होतंच.

सकाळी साडेअकराला बोलायला उभी राहिले आणि दोन वाक्यांतच अलार्म ऐकू आला. मोबाईलचा नव्हे. आमच्या चार नंबरच्या मशीनचा... त्याचा आवाज जरा फाटलेला आहे, हजारांत ओळखेन. समोर वीस-बावीस नर्सेस, सगळ्यांचे कान त्याच आवाजाला सरावलेले, पण एकीनेही मान वळवली नाही.

माईक तसाच सोडून बाहेर आले, लोविनाला फोन लावला.

"चार नंबर वाजतोय, बघ."

"ताई, हंय कायच वाजणा नाय. तांडेलकाका निजले आसत."

"चादर काढ त्यांच्या हातावरची. आत्ता!"

पावलं ऐकू आली. मग किंकाळी – "रगात! ताई, सगळा रगात!"

"पंप बंद कर, क्लॅम्प लाव, हात दाबून धर. डॉक्टरांना हाक मार!"

फोन खाली पडला असावा. मी भिंतीला टेकून उभी... सभा, मागण्या, काही आठवेना. वीसेक मिनिटांनी लोविनाचाच फोन आला. ती रडत होती. "प्रेशर इला, ताई. डोळे उघडले काकांनी." मी पायरीवर बसले आणि पोरीसारखी हुंदके देऊन रडले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सुई सटकून रक्त चादरीखाली गादीत मुरत होतं. इंजिनिअरने मशीनची नोंद काढली. त्या दिवशी एकही अलार्म नाही. "मॅडम, सुई अशी सटकली की कधीकधी मशीनला कळतच नाही," तो म्हणाला. म्हणजे अलार्म का वाजला नाही, ते कळलं. मी काय ऐकलं, ते कोण सांगणार?

काकांनाही मी विचारलं.

"मशीन माझ्या कानाकडेच व्हता, माका कायएक ऐकाक येवक नाय," ते म्हणाले. "तुका थंय ओरोसाक कसा ऐकाक इला गो?"

मी त्यांच्या हातावरची सुईची टेप पुन्हा दाबून बसवली. काका तेवढ्यात लोविनाकडे वळले – "अर्दो कप चाय वाढव गो." पाणी मोजून प्यायचं असतं त्यांना, म्हणून ती ओरडली. मी मात्र त्या दिवशी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.