खाणीचा वास आणि बाबांची अब्रू

मुलुंडला आमच्या चाळीमागे बंद पडलेली दगडखाण आहे, काठोकाठ पाण्याने भरलेली. दर थंडीत आठवडाभर आमच्या घरात सडक्या अंड्यांचा वास यायचा आणि त्याचा आळ बाबांवर यायचा. खाणीकडची खिडकी नेमकी त्यांच्या खाटेवर, आणि पावट्याची उसळ म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

"अहो, काय हे!" आई पदर नाकाला लावायची.

"मी नाय गो! शपथ!" बाबा पक्के मालवणी. पण ऐकतंय कोण? शेवटी बिचाऱ्यांनी पावटे सोडले, मुळा सोडला. तरी वास यायचाच. आई म्हणायची, बाहेर चोरून खातात.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. एवढं शिकून बापाची अब्रू वाचवता येत नसेल तर काय उपयोग? मागच्या थंडीत, ऐन वासाच्या आठवड्यात, मी खाणीतलं पाणी बाटलीत भरून आणलं आणि आईसमोर बाटलीच्या तोंडावर लेड अ‍ॅसिटेटचा ओला कागद धरला; सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू लागला की तो काळा पडतो. काळाठिक्कर पडला. दुसरा कागद बाबांजवळ धरला. पांढराशुभ्र!

मग आईला समजावलं. तळाशी पालापाचोळा नि निर्माल्य कुजत असतं. उन्हाळ्यात वरचं पाणी गरम, हलकं, तळाच्या पाण्यावर झाकणासारखं बसलेलं. थंडीत तेच गार होऊन जड होतं, खाली जातं, आणि तळाचं पाणी वासासकट वर येतं.

"इतकी वर्सां काय सांगी होतंय मी!" बाबांचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं. त्या रात्री आईने पावट्याची उसळ केली आणि त्यांना दोनदा वाढली.

मे महिन्यात गावाहून फणस आला. बाबांनी त्याच्या आठळ्यांची भाजी, पावट्याइतकीच वातूळ, ताट भरून खाल्ली. दुपारी घरात वास सुटला.

बाबांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "खाण!"

आई माझ्याकडे वळली. "काय गं, उन्हाळ्यात तळाचं पाणी वर येत नाही ना? तूच सांगितलंस."

सांगितलं होतं. मेच्या उकाड्यात ते पाणी जागचं हलणार नाही, हे मी कुठल्याही परीक्षेत लिहून देईन. पण बाबा खाटेवर बसून माझ्याकडे बघत होते, नुकताच सुटलेला कैदी पोलिसाकडे बघतो तसे.

"यंदा लवकर वर आलं वाटतं," मी म्हटलं आणि पंखा पाचवर केला.