ढुंढिराज गुरुजींचं पूर्ण पान

बँकेच्या बदलीवर मी बनारसला आलो तेव्हा ब्रह्माघाटावर ढुंढिराज गुरुजींच्या घरी वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. गुरुजी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते. घराणं सात पिढ्यांपासून काशीतलं, त्यामुळे मराठी अस्सल पण हिंदीनं भिजलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "उल्हासराव, खिडकी उघडी टाकून ऑफिसला जाऊ नका. बंदर आत येतात आणि चादरीसकट सगळं नेतात."

महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, लघुरुद्र, सत्यनारायण हा त्यांचा व्यवसाय. मंत्र म्हणून झाले की जेवायचं, हाही त्यातलाच भाग. ब्राह्मण तृप्त झाला तर पितर तृप्त होतात, अशी यजमानाची श्रद्धा. मग हात आखडता घेऊन कसं चालेल? गुरुजी सहज आठ लाडू खात. पुऱ्या कोणी मोजत नसे. पानातली भाजी मात्र तशीच राहायची. "घासपात गाईला," असं ते हसून म्हणत. त्यांच्या पत्नी सीताकाकूंनी घरी पालक केला तर वरणभात आणि लोणच्यावर उठत.

मी राहायला आलो त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. एके दुपारी नाशिकच्या एका जुन्या यजमानीणबाईंचा सीताकाकूंना फोन आला. "गुरुजी काशी सोडून चाललेत का हो? पुढच्या वर्षीपासून विश्वेश शास्त्रींना बोलवा म्हणाले."

काकूंनी फोन ठेवला. मग त्यांनी आणखी दोघा यजमानांना फोन लावला. त्यांनाही गुरुजींनी तेच सांगितलं होतं. संध्याकाळी गुरुजी घरी आले तेव्हा मी खाली पाण्याची मोटर बंद करायला गेलो होतो, म्हणून पुढचं बोलणं माझ्या कानावर पडलं.

"कुठे जायचंय तुम्हाला?" काकूंनी विचारलं.

"कुठे नाही."

"मग यजमान का वाटताय?"

गुरुजी पायरीवर बसले. शौचाला रक्त जात होतं, चार महिने. मूळव्याध असेल म्हणून आधी गप्प राहिले, मग भीतीनं गप्प राहिले. त्यांचे वडील चोपन्नाव्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरनं गेले. थोरले भाऊ रत्नाकर पन्नाशी उलटताच त्याच रोगानं गेले. दोघांनाही मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर गुरुजींनीच पोचवलं होतं. "आता माझी पाळी, सीते. हे आमच्या रक्तातच आहे. डॉक्टरला दाखवून काय नवीन कळणार?"

काकू रडल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उल्हासराव, तुमच्या बँकेतल्या कोणाच्या ओळखीचा पोटाचा डॉक्टर आहे का? उद्याचीच वेळ हवी."

दुसऱ्या दिवशी नाही, पण चौथ्या दिवशी वेळ मिळाली. डॉक्टर अंतरा म्हणून चाळिशीच्या बाई होत्या. बाई पाहून गुरुजींचा चेहरा उतरला. आतड्यात दुर्बीण घालून तपासणार हे ऐकून तर ते उठून चालायलाच लागले. काकूंनी उपरण्याचं टोक धरून त्यांना परत बसवलं. तपासणीत दोन पॉलिप निघाले, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला उगवलेले मांसाचे कोंब. मोठ्यातून रक्त येत होतं. डॉक्टरांनी दोन्ही तिथल्या तिथे काढले आणि तपासायला पाठवले. अहवालाला आठ दिवस लागणार होते.

 ते आठ दिवस गुरुजी पहाटे स्नानाला जात, परत येत, आणि पोथी उघडून एकाच पानाकडे बघत बसत. मी ऑफिसला निघालो की विचारायचे, "आज कोणता वार?" वार त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असायचा, तिथीसकट.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. "कॅन्सर नाही," त्या आधी एवढंच म्हणाल्या. गुरुजींनी दोन्ही हात टेबलावर टेकवले. काकूंना तेव्हा कुठे रडू फुटलं. डॉक्टरांनी त्यांना पाणी दिलं, आणि मग पुढचं समजावलं. हे कोंब तसेच राहिले असते तर काही वर्षांत त्यांचं वाईट रूप झालं असतं. आता ते गेले. पण घरात दोन माणसं गेलेली, म्हणून तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण.

"आणि गुरुजी, रोज जेवता काय?"

गुरुजींनी प्रामाणिकपणे सांगितलं. डॉक्टरांनी ते कागदावर उतरवलं.

"भाजी?"

"असते पानात."

"पोटात जाते का?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली. मग डॉक्टरांनी सांगितलं की पालेभाज्या, शेंगा, डाळी, सालासकट फळं, भरड धान्य यांत जो चोथा असतो तो आतड्याला फार उपयोगी. असं खाणाऱ्यांना हा रोग कमी होतो असं दिसून आलंय. "पण मी वचन देणार नाही. खाण्यानं धोका कमी होऊ शकतो, नाहीसा होत नाही. म्हणून भाजीही खायची आणि तपासणीही चुकवायची नाही."

"म्हणजे रक्तातच आहे असं नाही?" गुरुजींनी विचारलं.

"काही रक्तात असेल. सगळं नाही."

गुरुजी मला नंतर म्हणाले, त्या एका वाक्यानं छातीवरचा धोंडा उतरला. चोपन्न हा आकडा त्यांनी मनात यमाच्या हातचा लेख समजून धरला होता. त्यात आपल्याही हाती थोडं काही आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

घरी गोष्ट सोपी होती. सट्टीत, म्हणजे भाजीच्या मोठ्या बाजारात, हिवाळ्यात काय मिळत नाही? काकू चाकवत आणायच्या, ज्याला तिथे बथुआ म्हणतात. उडदाच्या डाळीत पालक शिजवून सगपहिता करायच्या. वाटलेल्या हिरव्या मटारांचा निमोना नावाचा रस्सा, नाचणीची भाकरी, दुपारी पेरू. पहिला महिना गुरुजी औषध घेतल्यासारखा चेहरा करून जेवले. पोट फुगायचं, चिडचिड व्हायची. "सीते, बकरी केलीस माझी!" दुसऱ्या महिन्यात एकदा मी खाली गेलो तर ते चाकवताची वाटी पुसून खात होते. मला पाहून ओशाळले.

वाटलेले यजमान गुरुजींनी परत बोलावले होते, पण खरी अडचण त्यांच्याकडेच होती. लाडू नाकारायचा कसा? एकदा पुण्याच्या एका गृहस्थाकडे वडिलांचं श्राद्ध होतं. यात्रीनिवासातल्या महाराजनं, म्हणजे आचाऱ्यानं, पुरी, बटाट्याची रस्सेदार भाजी, पनीर, खीर आणि बुंदीचे लाडू केले होते. गुरुजींनी एक लाडू घेतला आणि दुसऱ्याला पानावर हात आडवा धरला. गृहस्थ कावराबावरा झाला. "गुरुजी, काही चुकलं का? बाबांना लाडू फार आवडायचे."

गुरुजींनी घरी येऊन हे काकूंना सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, श्राद्धाचं पान म्हणजे काय असतं? अळूची भाजी, गवार, कारलं, भेंडी, काकडीची कोशिंबीर, आमसुलाची चटणी. माझ्या माहेरी आजही असंच वाढतात. पनीर कुठून आलं मध्येच? शास्त्र तुम्ही शिकलात ना? मग पूर्ण पान मागा. मागण्यात कसली लाज?"

 गुरुजी हसायला लागले, इतके की ठसका लागला.

तेव्हापासून यजमानाचा फोन आला की तिथी-नक्षत्रानंतर ते स्वयंपाकही सांगू लागले. महाराज लोक आधी कुरकुरले, कारण कारलं चिरायला वेळ लागतो. पण यजमान कधी कुरकुरले नाहीत. उलट सांगलीच्या एक बाई अळूची भाजी वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "आमचे हे दर रविवारी स्वतः अळू निवडत बसायचे. नुसते लाडू केले असते तर मला हे आठवलं नसतं." गुरुजींनी त्या दिवशी भाजी दोनदा मागून घेतली. लाडू एक खाल्ला, चवीनं.

चोपन्नावं वर्ष लागलं तेव्हा ते अस्वस्थ झाले, हे लपलं नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी मुन्शीघाटापर्यंत चालत गेले आणि उशिरा परतले. मी दवाखान्यात सोबत होतो. डॉक्टर अंतरा हातमोजे काढत बाहेर आल्या. "स्वच्छ आहे. एकही कोंब नाही."

"भाजीमुळे?" गुरुजींनी झोपेच्या गुंगीत विचारलं.

"भाजीमुळे असेल, वेळेवर काढल्यामुळे असेल. दोन्ही सोडू नका. आणि तुमच्या भावाचा मुलगा? त्यालाही तपासून घ्यायला सांगितलं होतं मी."

रत्नाकररावांचा मुलगा अनिश लखनौला रेल्वेत नोकरीला होता. वय एकोणचाळीस. तीन वर्षं काका सांगत होते आणि तो "पाहू" म्हणत टाळत होता. गुरुजींनी दवाखान्याच्या बाकावरूनच त्याला फोन लावला. या वेळी त्यांनी उपदेश केला नाही. "अनिश, मी चार महिने भीतीपोटी लपवलं होतं रे. तुझ्या काकूनं ओढत नेलं म्हणून आज बोलतोय. मला तुझ्या बापासारखं तुला पोचवायला लावू नकोस."  मग अनिश म्हणाला, "काका, तुम्ही याल बरोबर?"

गुरुजी आणि काकू दोघंही लखनौला गेले. अनिशला एक छोटा कोंब निघाला, काढला, आणि अहवाल चांगला आला. काकूंनी तो फोनवर मला सांगितला तेव्हा मागून गुरुजींचा आवाज येत होता. अनिशच्या बायकोला ते सगपहिता कसा करायचा ते समजावत होते, आणि मिठाचं प्रमाण साफ चुकीचं सांगत होते.