आंबिलातलं मीठ आणि माझी जीभ

आंबिलात मीठ किती पडलं, हे आमच्या चिटगुप्पा भागात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही. ही जीभ मला वडिलांकडून मिळाली. (धाकटी बहीण भाग्यश्री म्हणते, बोलायची मिळाली, चाखायची नव्हे. तिकडे लक्ष देऊ नका.) वेळ अमावास्येला आख्खं गाव शेतात जेवतं, आणि ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं आंबील मातीच्या बिंदग्यात भरून न्यावं लागतं. नैवेद्य बाजूला काढला, की चव बघायचा मान माझा. बाकीचे पूजेपर्यंत तोंडाला काही लावत नाहीत.

त्या वर्षी मुडबीचे पाहुणे शेतावर जेवायला येणार होते. नाव जेवणाचं, काम भाग्यश्रीला बघण्याचं! मुलगा तिच्या मनात भरला होता, त्यामुळे ती सकाळपासून धास्तावलेली.

आंबील समोर आलं. चमचाभर चाखणं मला शोभत नाही, मी वाटीभर चाखतो. मीठ कमी वाटलं, मायनं टाकलं. दुसऱ्या वाटीलाही कमीच. तिसऱ्या वाटीला तर मीठ टाकलंय की नाही अशी शंका!

"अण्णा, मधी चूळ तरी भर," भाग्यश्री म्हणाली. तिला बी.एड.ला मानसशास्त्र होतं. "एकच चव सारखी लागली की जीभ ती सांगायचंच सोडते. तुला कमी लागायलंय, आंबिलात कमी न्हाई."

"ते दुसऱ्यांच्या जिभेचं सांगायलीस तू. माय, टाक अजून एक मूठ."

"लेकरा, बघ बरं. पाहुणे यायलेत."

"म्हणून तर टाक म्हणायलोय."

पूजा झाली, कडब्याच्या खोपीत पंगत बसली. मुलाच्या वडिलांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. तृप्तीनं मिटले असं समजून मी मायकडे ऐटीत बघितलं. मग त्यांनी पाणी मागितलं. मग सगळ्या पंगतीनंच मागितलं.

"कामून एवढं पाणी प्यायलेत?" मी मायला विचारलं. तिनं घागर पंगतीकडे सरकवली.

घागर रिकामी झाली. शेवटी मुलगाच घागर उचलून बोअरकडे निघाला, आणि वाट दाखवायला भाग्यश्री गेली. बोअर समोर दिसत होतं, तरी दोघं बऱ्याच वेळानं परतली, ती हसत हसत.

एव्हाना खीर खाऊन माझी जीभ ताळ्यावर आली होती. मी आंबिलाचा घोट घेतला. समुद्र मी आजवर पाहिलेला नाही, पण त्याची चव मला त्या दिवशी कळली. बहिणीचं लग्न मी मिठात बुडवलं होतं.

तेवढ्यात मुलाचे वडील खाकरले. "पोरगी पसंत हाय. हुंडा-बिंडा काय नगं. एकच अट हाय."

"सांगा की," मी म्हणालो.

"लग्नातल्या सैपाकाची चव तुमी बघायची न्हाई."

लोक बहिणीच्या लग्नात सोनं देतात, गाडी देतात. आमच्याकडून पाहुण्यांनी फक्त माझं तोंड मागून घेतलं, आणि मायनं मला न विचारता ते देऊनही टाकलं!