हरणीच्या खुरावरची वळी

दादाशिवाय हरणी घोडीच्या पाठीवर कुणी बसत नसे. म्हणून यंदाच्या भाद्रपदात, मी मराठी शिकवतो त्या सरकारी उर्दू शाळेच्या दाराशी तिच्या टापा थांबल्या आणि पाठीवरून गडी कोंडिबा उतरला, तेव्हा मी हातातला खडू तसाच टाकून बाहेर आलो. "मास्तर, दादा गेले..." एवढंच तो म्हणाला. मी आठवड्यापूर्वीच गावी, धावड्याला, जाऊन आलो होतो; ताप उतरेल असं वैद्यही म्हणाला होता. दादा अंथरुणाला खिळल्यापासून घोडीनं दाणा सोडलेला, बरगड्या दिसत होत्या. इथं माझ्या शाळेच्या गावी, पिंपळगावपर्यंत, ती कशी चालत आली, देव जाणे.

खूर कसा पाहावा हे मला दादानं दाखवलं. बाहेरची भिंत आपल्या नखासारखी, तिच्यात खिळा ठोकला तरी दुखत नाही. जिवंत असते ती फक्त वरची कड, जिथे केस संपतात. तिथून खूर उगवतो आणि हळूहळू खाली सरकतो. वहिनी गेल्या तेव्हा दादा महिनाभर ओसरीतून उठला नव्हता. घोडीकडे कुणी पाहिलं नाही, ती पार खंगली. पुढे एकदा माझा अंगठा त्यानं तिच्या खुरावर टेकवला. आडवी वळी लागली, घोडं खंगलं की खुरावर उमटते तशी. "तुझी वहिनी गेल्ती ना, तवाची हाये ही," तो म्हणाला आणि रडायला लागला. दादाला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दसऱ्याच्या पूजेला खूर कानशीनं घासून तेलानं चमकवायची आमच्याकडची रीत. त्या वर्षी त्यानं करीमचाचा नालबंदाचा हात धरला. "वरून कानस बिलकुल लावायची न्हाई." एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण वळी खालच्या कडेशी येऊ लागली तशी त्यानं खूर कापणंच बंद केलं, नालही मारू देईना. खूर वेडेवाकडे वाढले, हरणी ठेचकाळू लागली, एकदा ओढ्यात गुडघ्यावर पडली. "पाटील, आता न्हाई कापलं तर घोडी जाईल," करीमचाचा म्हणाला. मग दादानं स्वतःच तिचा एकेक पाय मांडीवर धरला. शेवटच्या खुराचा वळीसकट तुकडा खाली पडला आणि खुराच्या कापांसाठी टपून बसलेल्या कुत्र्यानं तो उचलून नेला. मी धावलो. दादा जागचा हलला नाही.

"जाऊ दे... आता कुठंच न्हाई ती."

त्यानंतर तो जगला, पण त्याचं मन कशातच लागलं नाही. मी काय काय बोलून पाहिलं, काही उपयोग झाला नाही.

हरणी आता माझ्या अंगणात आहे. परवा तिला खरारा करताना चारही खुरांवर, केसांच्या अगदी खाली, अंगठ्याला वळी लागली. दादाच्या तापातली. करीमचाचाला मी अडवणार नाही. अडवून काय होतं ते पाहिलंय. तरी रोज सकाळी अंगठा तिथेच जातो, आणि दरवेळी वाटतं, कालच्यापेक्षा खाली आली. वळी जमिनीला टेकायला अजून वर्ष आहे. काल अंगणात एक कुत्रं येऊन नुसतं बसलं होतं, त्याला मी दगड मारून हाकललं.