रस्ता दे

आठ वर्षं मी व्यावसायिक शर्यतींत गाडी चालवली. पुण्यात हे कुणाला सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला : "बरं, आणि नोकरी कुठे करायचात?"

वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात यंत्रांचे तपासनीस होते. शाळेत असताना त्यांनी मला एकदा कार्टिंगच्या ट्रॅकवर नेलं. तिथे मी मोठ्या मुलांना मागे टाकलं, आणि मग दर रविवारी स्कूटरवरून तिकडे जाणं सुरू झालं. आई म्हणायची, "शिकवा गाडी, पण घरी परत येणारी शिकवा."

पुढे एका संघानं मला घेतलं. पोस्टरवर माझा फोटो सगळ्यांत मोठा असायचा. माझा सहचालक, म्हणजे संघाची दुसरी गाडी चालवणारा, प्रायोजकांचा मुलगा. बरा चालवायचा, पण माझ्याहून हळू. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्या वर्षीची शेवटची शर्यत चेन्नईजवळ होती. बाबा पहिल्यांदाच बघायला आले होते, चिवड्याचा डबा घेऊन, रेल्वेनं. मी पहिली होते, तो माझ्यामागे. तीन फेऱ्या उरल्या असताना हेल्मेटमध्ये संघाच्या व्यवस्थापकांचा आवाज आला, "रस्ता दे त्याला."

"का?"

"विजेतेपदासाठी त्याला गुण हवेत. पुढच्या वर्षी तुझी पाळी. शब्द देतो."

दोन फेऱ्या मी ऐकू न आल्याचं सोंग केलं. शेवटच्या फेरीत, सरळ रस्त्यावर, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. तो शेजारून निघून गेला.

"काय झालं गं?" मी खाली उतरल्यावर बाबांनी विचारलं.

"गिअर अडकला."

"इंजिनाचा आवाज तर स्वच्छ होता."

"बाबा, तुम्हाला यातलं काय कळतं?"

जन्मभर यंत्रांतले दोष शोधलेल्या माणसाला मी हे बोलले. परतीच्या गाडीत चिवडा तसाच राहिला.

दोन महिन्यांनी व्यवस्थापकांनी बोलावलं. "असं आहे, तुमचा अनुभव दांडगा आहे..." त्यांनी पहिल्यांदाच मला 'तुम्ही' म्हटलं, तेव्हाच मी समजले. प्रायोजकांना नवा चेहरा हवा होता. दुसऱ्या संघांकडे गेले, तर ते म्हणाले, मोठा विजय नाही तुमच्या नावावर.

आता मी धायरीत ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. परवा एक आयटीवाले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा घाबरून चालवता का हो?" मी त्यांना क्लच हळू सोडायला सांगितलं.

बाबांना खरं सांगायला मला सहा वर्षं लागली. तेव्हा ते आजारी होते, खिडकीशी बसून पेपर वाचत होते.

"माहीत होतं," ते म्हणाले. "तिथेच सांगितलं असतंस, तर त्या माणसाशी भांडलो असतो."

"काय उपयोग झाला असता?"

"काही नाही. पण भांडलो असतो."

मला रडू आलं नाही. रागच आला, आणि या वेळी तो व्यवस्थापकांवर नव्हता, माझ्यावरच होता. त्याच वर्षी बाबा गेले.

मागच्या महिन्यात माझा सहचालक एका कॉलेजात प्रमुख पाहुणा होता. विषय, जिद्द. मलाही आमंत्रण होतं, पहिल्या रांगेतलं. मी गेले नाही. साडेदहाला एका काकूंना रिव्हर्स शिकवायचा होता.