सुखरूप गेले

सुलेखाला डार्मश्टाटात येऊन चौदा वर्षं झाली आणि त्यातली अकरा तिने ग्रुपवर काढली, असं तिचा नवरा सुधीर म्हणतो. ते काही अगदीच खोटं नाही. 'डार्मश्टाट मराठी मंडळी' हा ग्रुप तिने काढला तेव्हा त्यात नऊ माणसं होती आणि गणपतीला कोण काय करून आणणार एवढाच विषय असायचा. आता तीनशे चाळीस आहेत. सकाळी डोळे उघडायच्या आत कुणीतरी विचारलेलं असतं, तूरडाळ कुठे मिळते. डाळ आटोपते तोवर दुसरा हजर, आनमेल्डुंगच्या, म्हणजे राहत्या पत्त्याच्या नोंदणीच्या, कागदावर घरमालकाची सही लागते का? लागते रे लागते. कालच विचारलं होतं, परवाही विचारलं होतं. जरा वर सरकवून बघितलं तर बोटं झिजतात का कुणाची? पण असं लिहिता येत नाही, कारण विचारणारं पोरगं आठ दिवसांपूर्वी विमानातून उतरलेलं असतं आणि कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं की काही अडलं तर सुलेखाताईंना विचार.

ताई बिचारी एका शाळेच्या मेन्सात, म्हणजे खानावळीत, नोकरीला. एम. कॉम. झालेली बाई, पण इथे त्या पदवीचं कुणी लोणचंसुद्धा घालत नाही. रोज सकाळी साडेआठ ते अडीच, तीनशे पोरांना बटाटे आणि नूडल्स वाढायचे, ट्रे गोळा करायचे, मशीनमध्ये लावायचे. घरी आली की पाय बादलीत सोडून बसते. मुलगी देवश्री सोळा वर्षांची. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते, आणि तेही मिळालं तर. "दिवाळी झाली की सोडणार ग्रुप," असं सुलेखा सुधीरला तीन दिवाळ्या सांगते आहे. तो मान हलवतो. त्यालाही कंटाळा आलाय ते ऐकायचा.

मेन्सात तिच्या जोडीला होदन. होदन सोमालियाची. दोघी भाषेच्या वर्गात एका बाकावर होत्या, दोघींनी मिळून जर्मन लिंगांच्या 'डेर, डी, दास'ला शिव्या घातल्या आणि दोघी एकाच महिन्यात इथे लागल्या. होदनचाही एक ग्रुप आहे. तिची भावंडं, मावश्या, चुलत्या नैरोबीपासून ऑस्लोपर्यंत पांगलेल्या, कुणी थेट अमेरिकेत. पण त्या ग्रुपवर अक्षर म्हणून सापडायचं नाही. सगळे बोलतात. दोन म्हाताऱ्या मावश्यांना वाचता येत नाही, म्हणून पहिल्यापासून तीच रीत पडली. ऑस्लोची बहीण चहात दालचिनी किती घालायची यावर पाच मिनिटं बोलते, नैरोबीचा मामा त्यावर हसतो, मागे त्याच्या कोंबड्या ओरडतात, मग कुणाच्या लग्नात कुणी कुणाला नीट विचारलं नाही याचा पाढा सुरू होतो. होदन काम करता करता ते लावून ठेवते. आपली पाळी आली की फोन हनुवटीशी धरते, अंगठा दाबून ठेवते आणि बोलत राहते. मध्येच ट्रे उचलायचा असला तरी अंगठा सोडत नाही, एकाच हाताने उचलते. अंगठा सुटला की निरोप गेला. तो अर्धवट जाऊन कसा चालेल?

सुलेखाला त्या कलकलाटाने डोकं धरायची वेळ यायची. आपलं बरं, तिला वाटायचं, आपण लिहितो, वाचतो, मोकळे होतो. आणि लिहिण्याचाही त्रास तिने मिटवून टाकला होता. मागच्या हिवाळ्यात देवश्रीने तिला फोनात एक सोय करून दिली. नेहमीची उत्तरं आत भरून ठेवायची आणि एक शब्द टाईप केला की सबंध मजकूर आपोआप उमटायचा. 'dal' लिहिलं की दोन दुकानांचे पत्ते. 'sahi' लिहिलं की आनमेल्डुंगचं सगळं पुराण. लोक म्हणायचे, ताई किती पटकन आणि किती आपुलकीने उत्तर देतात. ताई ट्रॅममध्ये अर्धवट झोपेत अंगठा फिरवत असायच्या.

त्यातलंच एक उत्तर होतं 'gele'चं. इथे आई-वडील तीन महिन्यांच्या व्हिसावर येतात. येतात तेव्हा ग्रुपवर फोटो, जातात तेव्हा मुलं विमानतळावरूनच टाकतात, आई-बाबा गेले. निघणारा माणूस आपल्याकडे कधी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणूनच निघतो. 'गेले' हे मागे राहणाऱ्याने म्हणायचं. वर्षाला असे पन्नास-साठ जण जायचे. त्या सगळ्यांसाठी सुलेखाने एकदाच, मनापासून, लिहून ठेवलं होतं: 'चला, सुखरूप गेले. आता दोन दिवस घर खायला उठेल, मग सवय होते. पुढच्या वर्षी परत बोलावून घे. काही लागलं तर हक्काने सांग.'

आता स्वराली. ही इथल्या विद्यापीठात डॉक्टरेट करणारी, सांगलीची पोर, एकटी एका खोलीत राहणारी. आई तीन वर्षांपूर्वी वारली, भावंड नाही. या उन्हाळ्यात तिचे वडील शरदचंद्र काका आले होते, वीज मंडळातून निवृत्त झालेले. गणपतीच्या दिवशी सुलेखाचा मिक्सर ऐन चटणीत बंद पडला तेव्हा काका धोतराचा सोगा सावरत जमिनीवर बसले, खिशातून टेस्टर काढला आणि वीस मिनिटांत मिक्सर सुरू करून दिला. टेस्टर घेऊन कोण गणपतीला येतं? सगळे हसले होते. "ताई, अजून दहा वर्षं बघायला नको याच्याकडे," काका म्हणाले. त्यांचं परतीचं विमान सप्टेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी तीनला होतं. बॅगेत किती किलो चालतात, हे स्वरालीने ग्रुपवर विचारलं होतं. त्याचंही तयार उत्तर होतं.

त्या गुरुवारी सुलेखा अडीचला सुटली. पोटऱ्या भरून आल्या होत्या. ट्रॅममध्ये जागा मिळाली, फोन उघडला, तर तीनला दहा मिनिटं असताना स्वरालीचा मेसेज आलेला. 'बाबा गेले.' सुलेखाने g-e-l-e दाबलं. मजकूर उमटला. पाठवला. तिच्यामागून मंडळी धावली. एकतीस अंगठे, विमानाची चित्रं, हात जोडलेले. उत्कर्ष म्हणून एक आगाऊ पण गुणी मुलगा आहे, त्याने विचारलं, काकांनी जाताना लाडू ठेवलेत की नाही? सुलेखाने फोन पर्समध्ये टाकला आणि तिचा थांबा येईपर्यंत झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, पोरं यायच्या आधी, दोघी मागच्या पायरीवर कॉफी घेऊन बसल्या. ग्रुपवर उत्कर्षने पुन्हा विचारलं होतं, काका पोचले का? स्वरालीचं उत्तर नव्हतं. लाडवांनाही नव्हतं, ताईंच्या मेसेजला साधा बदामही नव्हता. ही मुलगी असं कधी करायची नाही. सुलेखाला ते कुठेतरी टोचलं, पण टोचलेल्या गोष्टी बघायला तिच्यात त्राण कुठे होतं? झोपली असेल, म्हणून तिने फोन उलटा ठेवला.

होदनने विचारलं, काय झालं. सुलेखाने तिला मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, एका मुलीचे वडील भारतात परत गेले, ती उत्तर देत नाही. काय लिहिलंय तिने, होदन म्हणाली. सुलेखाने शब्दाला शब्द ठेवला, वडील गेले. गेले म्हणजे कुठे, असं तिने विचारलं. विमानाने, सुलेखा म्हणाली. विमान असं लिहिलंय का, होदन म्हणाली. नव्हतं लिहिलेलं. मग होदनने कॉफी खाली ठेवली आणि विचारलं, "तू तिचा आवाज ऐकलास?"

नाही, सुलेखा म्हणाली.

"आल्झो, मग तुला काय माहीत आहे?"

एवढं ऐकलं आणि सुलेखाने फोन सरळ करून स्वरालीचा नंबर काढला. तिने फोन लावला. उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा पलीकडून नुसतं "ताई" ऐकू आलं. सुलेखाने अजूनही वेड्या आशेने विचारलं, काका पोचले ना गं?

"ताई, बाबा गेले," स्वराली म्हणाली.

तेच दोन शब्द. काल ट्रॅममध्ये वाचले तेव्हा त्यांत विमान होतं. आज आवाजात ते ऐकले आणि त्यांचा दुसरा कुठलाही अर्थ उरला नाही. सुलेखाला आपला कालचा मजकूर एकेक ओळीने आठवला. मग सवय होते. पुढच्या वर्षी परत बोलावून घे. तिला स्वतःची अशी लाज वाटली की फोन कानाशी धरवेना. तीनशे ताटं वाढायची होती. होदन उठली, तिचा ट्रे स्वतःकडे ओढला आणि "जा, जा" म्हणाली. सुलेखा एप्रन काढून निघाली.

स्वरालीची खोली चौथ्या मजल्यावर. दारातच काकांची बॅग आडवी पडली होती आणि तिच्या मुठीला वजनाचा हुक अजून लटकलेला होता. काल सकाळी काका बॅग उचलून वजन बघत होते, ते तसेच पलंगावर बसले. बसले ते बसले. ॲम्ब्युलन्स आली, हॉस्पिटलमध्ये नेलं, अडीच वाजता डॉक्टरने बाहेर येऊन सांगितलं. स्वरालीने सांगलीला चुलत्यांना फोन केला. मग त्या कॉरिडॉरमध्ये एकटी बसून तिने ग्रुपवर दोन शब्द लिहिले, कारण या गावात दुसरं कुणाला सांगायचं हे तिला सुचलं नाही. आणि मग विमानं उडायला लागली.

हे सगळं ती सरळ आवाजात सांगत होती. सुलेखाला वाटलं, हिने ओरडावं, दोन शब्द सुनवावेत, दार आपटावं. शेवटी सुलेखाच म्हणाली, "चुकलं गं माझं. मी वाचलंसुद्धा नाही. फोननेच लिहिलं ते." असली माफी कुणी कुणाकडे मागितली नसेल. पण खरं तेच होतं.

स्वरालीने मान हलवली. "मला राग आला होता, पहिल्यांदा वाचलं तेव्हा. मग परत वाचलं. ताई, तुमच्या ग्रुपवर बाबा विमानात होते. तीनशे माणसांना वाटत होतं ते विमानात आहेत. रात्री मी बघत बसले, आता तेहरानवरून असतील, आता मुंबईत उतरतील. मला ते खोडवेना. पण आता उत्कर्ष विचारतोय पोचले का. त्याला काय सांगू?"

त्यावर सुलेखा रडली. अकरा वर्षांत तिने हजार प्रश्नांना उत्तरं दिली होती. मृत्यूचा दाखला कुठे मिळतो, कॉन्सुलेटला काय न्यायचं, तेही तिला माहीत होतं, आणि ते ती आज सगळं करणार होती. पण याचं उत्तर फोनात भरलेलं नव्हतं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "तू काही सांगू नकोस. मी लिहिते."

ती पलंगाच्या कडेला बसली आणि लिहायला लागली. 'मंडळी, स्वरालीचे बाबा gele', एवढं झालं आणि स्पेस दाबली तोच फोनने आपलं काम केलं. चला, सुखरूप गेले. आता दोन दिवस घर खायला उठेल. स्वराली शेजारीच बसली होती, तिने ते बघितलं. सुलेखाने सगळं पुसलं. मग तिने फोन हनुवटीशी धरला, होदन धरते तसा, आणि आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर बोलण्यासाठी अंगठा दाबला.

"मंडळी, मी सुलेखा बोलतेय. शरदचंद्र काका काल दुपारी..."

"थांबा ना ताई," स्वराली म्हणाली. "दोन मिनिटं. एवढी दोनच मिनिटं राहू देत त्यांना."

सुलेखाने दुसऱ्या हाताने तिला जवळ ओढलं. आता अंगठा उचलला की काका गेले. तिने तो तसाच दाबून धरला. स्वराली तेव्हा कुठे रडायला लागली, मोठ्याने, बाबा, बाबा म्हणत, आणि फोन ते सगळं घेत राहिला. बऱ्याच वेळाने स्वतःच म्हणाली, "सांगा आता." सुलेखाने सांगितलं, "वारले," आणि अंगठा उचलला.

मंडळींना तो निरोप मिळाला तो पावणेसात मिनिटांचा होता. पहिला उत्कर्षचा फोन आला. त्याने काही विचारलं नाही, फक्त पत्ता मागितला.