देवरावच्या पिवळ्या गोळ्या

देवराव गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नववीला विज्ञान शिकवत होतो. चपराशी दारात उभा राहून म्हणाला, "सर, किराणावाले देवरावभाऊ गेले." मी फळ्यावरची आकृती पूर्ण केली आणि मगच खडू ठेवला. माणूस असाही वागतो... आज सव्वा महिना झाला. अल्लीपुरात त्याच्याबद्दल सगळे चांगलंच बोलताहेत, आणि ते खरंही आहे. मला मात्र माझ्याबद्दल बोलायचं आहे.

आम्ही एका बाकावरचे. मी मास्तर झालो, तो बापाच्या दुकानात बसला. त्याने गळ्यात माळ घातली, अंडंसुद्धा सोडलं; मला आठवड्यातून दोनदा मटण लागायचं. त्या माळेवरून मी त्याला वीस वर्षं छळलं. तो नुसता हसायचा. माझी जीभ तिखट आहे हे गावाला ठाऊक होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या मानेत गाठी आल्या. कॅन्सर निघाला. नागपूरला दर तीन आठवड्यांनी लाल इंजेक्शन सुरू झालं. बसने मीच सोबत जायचो, येताना तो खिडकीतून ओकायचा. केस गेले, चव गेली, पण गाठी विरघळू लागल्या. तिथल्या तरुण डॉक्टरने एकदा मला बाजूला घेतलं. म्हणाला, हे औषध हृदयालाही खातं. 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्या, त्याने हृदयाच्या पेशी वाचत असाव्यात असं काहींना वाटतं. खात्री कुणालाच नाही, पण अपायही नाही. मी तिथूनच बाटली घेतली. मऊ, पिवळ्या, आत तेल भरलेल्या गोळ्या. कशासाठी घ्यायच्या तेही देवरावला नीट समजावलं.

आठवड्याभराने दुकानात गेलो. चार गिऱ्हाईकं उभी होती आणि देवराव गोळी तोंडात टाकत होता. माझ्या जिभेला खाज सुटली.

"देवराव, ते वरचं कवच काहाचं असते, माहीत हाय का तुले?"

"काहाचं?"

"जनावराचे हाडं-कातडे उकळून बनवते. माळ घालून बैल गिळून राह्यला तू!"

गिऱ्हाईकं खो खो हसली. तोही हसला. बाटलीचं झाकण लावून त्याने ती मागच्या फळीवर ठेवली आणि साखर तोलायला घेतली. पुढच्या खेपेला बसमध्ये मी विचारलं, "गोळ्या घेतो ना रे?" "घेतो ना," तो म्हणाला. तराजूत कधी मासाभर खोट केली नाही त्या माणसाने, पण माझी गंमत गंमतच राहावी म्हणून खोटं बोलला. मी दुसरी बाटली आणून दिली.

गाठी गेल्या. त्याने गावात गोरसपाकाची तुपाळ बिस्किटं वाटली. चार महिन्यांनी दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना त्याला धाप लागली. मग पाय सुजले, आडवं होता येईना, उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचा. हृदय थकलं, नागपूरचा तो डॉक्टर म्हणाला. गोळ्या घेतल्या होत्या ना? मी ठासून सांगितलं, हो.

तेरवी झाल्यावर वहिनींनी दोन बाटल्या माझ्यासमोर ठेवल्या. एक जवळजवळ भरलेली, दुसरीचं सीलही तोडलेलं नाही.

"भाऊजी, हे तुमी घेऊन जा. त्यायनं सांगून ठेवलं होतं. मास्तरले देजो म्हणे, त्याले चालते."

"अन् त्यानं काऊन नाई घेतल्या?"

"माळ होती ना गळ्यात. तुमीच त सांगितलं होतं म्हणे, काहाच्या असते ते."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला तो हवा होता.

मी नागपूरला जाऊन डॉक्टरला विचारलं, घेतल्या असत्या तर वाचला असता? "सांगता येत नाही," तो म्हणाला. नाही म्हणाला असता तर सुटलो असतो. हो म्हणाला असता तर निदान गुन्हेगार तरी ठरलो असतो...

दोन्ही बाटल्या माझ्या टेबलावर आहेत. जेवण झालं की एक गोळी काढून जिभेवर ठेवतो. मला चालतं, असं तो सांगून गेला आहे. पण घशाखाली उतरत नाही.